गाडी बंद झाली, आता? आवडत्या मॉडेलचं उत्पादन थांबल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गाडी बंद झाली’ हे वाक्य एरवी आपण सिग्नलला म्हणतो. किक मारली, थोडा चोक ओढला, की विषय संपतो. तेच वाक्य कंपनीच्या पत्रकातून आलं की मात्र किक कुठे मारायची ते कळत नाही. माझ्याकडे एक सिंगल-सिलिंडर, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरवाली गाडी आहे. तिचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली. बातमी आली त्या आठवड्यात मीही तावातावाने कंपनीला दोन लांबलचक पत्रं लिहिली होती. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. तेव्हा कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं ते इथे प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलं आहे.

‘मॉडेल बंद’ म्हणजे नेमकं काय बंद होतं?

पहिल्या दिवशी हे कुणीच नीट वाचत नाही. पत्रकात ‘बंद’ हा शब्द दिसला की फोन सुरू होतात. प्रत्यक्षात त्या शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

कधी चेसिस, म्हणजे गाडीची चौकट, जाते आणि नावं राहतात. हार्ले-डेव्हिडसनची डायना ही मालिका १९९१ पासून चालू होती. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने ती सॉफ्टेल मालिकेत विलीन केल्याचं जाहीर केलं. लो रायडर, स्ट्रीट बॉब, फॅट बॉब ही नावं टाक्यांवर तशीच राहिली, खालची चौकट बदलली. कधी एका बाजारपेठेपुरतीच गाडी थांबते. सुझुकीची हायाबुसा युरोपात २०१८ च्या अखेरीस थांबली, तेव्हा जगभर तिच्यावर श्रद्धांजल्या लिहिल्या गेल्या. २०२१ मध्ये नवी हायाबुसा आली आणि त्या श्रद्धांजल्या लिहिणारेच रांगेत उभे राहिले. कधी फक्त इंजिनाचा एक आकार जातो. होंडाची सुपर कब १९५८ पासूनची, जपानमध्ये तिची ५० सीसीची आवृत्ती २०२५ मध्ये थांबली, ११० सीसीची चालू आहे. आणि कधी अख्खा ब्रँडच जातो, जसं पोलॅरिस कंपनीने ९ जानेवारी २०१७ ला आपल्या व्हिक्टरी या मोटरसायकल ब्रँडच्या बाबतीत जाहीर केलं.

या प्रत्येक बाबतीत तुमच्या गॅरेजमधल्या गाडीचं भविष्य वेगळं असतं. इंजिन दुसऱ्या मॉडेलमध्ये चालू राहणार असेल तर निम्मी काळजी आजच सोडा. इंजिनच जाणार असेल, तर खालचं पार्टांबद्दलचं उत्तर दोनदा वाचा.

इतकी नावाजलेली गाडी कंपनी बंद का करते? द्वेष आहे का आपल्यावर?

द्वेष नाही. बहुतेक वेळा मूळ कारण धूर असतं, दुसरं कारण साचे आणि तिसरं आपण स्वतः.

धुरापासून सुरुवात करू. युरोपात युरो-४ नियम नव्या मॉडेलांना २०१६ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटरसायकलींना २०१७ पासून लागू झाले. युरो-५ तसेच २०२० आणि २०२१ मध्ये आले. भारतात बीएस-६ हे तसलेच धुराचे नियम १ एप्रिल २०२० पासून. या तारखा समोर ठेवून बंद झालेल्या गाड्यांची यादी पाहिली तर बरीचशी गर्दी या तारखांच्या आसपासच दिसते. रॉयल एनफिल्डच्या ५०० सीसी गाड्या २०२० मध्ये थांबल्या. त्याच सुमारास यामाहाची आर-६ ही ६०० सीसीची स्पोर्टबाइक रस्त्यासाठी विकणं थांबलं आणि ती युरोपात फक्त ट्रॅकवर चालवण्यापुरती उरली. हार्लेच्या जुन्या इव्होल्युशन इंजिनाच्या स्पोर्टस्टर युरोपच्या यादीतून गेल्या त्याही तेव्हाच.

पण जुन्या इंजिनाला हे नियम इतके जड का जातात? हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान कधी एकसारखं राहत नाही. कोंडीत अडकलं की तापतं, मोकळ्या रस्त्यावर गार होतं. तापला की धातू फुगतो, म्हणून पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात जागा थोडी सैल सोडावी लागते. त्या फटीत तेल आणि न जळलेलं पेट्रोल अडकतं आणि शेवटी सायलेन्सरमधून बाहेर पडतं. शिवाय हेड फार तापू नये म्हणून मिश्रणात पेट्रोल थोडं जास्त सोडलं जातं, आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तर अगदी मोजूनमापून दिलेलं मिश्रण लागतं. त्यात आवाजाचे नियम वेगळे. पाण्याचं आवरण असलेलं इंजिन आतली खडखड दाबून टाकतं. एअर-कूल्डचे पंख मात्र घुंगरांसारखे वाजतात. आपल्याला जे गाणं वाटतं ते मोजमापाच्या यंत्राला आवाज वाटतो.

टू-स्ट्रोकची गोष्ट तर एका वाक्यात संपते. ताजं मिश्रण आत येत असतं तेव्हा एक्झॉस्टचं तोंड उघडंच असतं, त्यामुळे त्यातलं काही न जळताच बाहेर जातं. ९८ सीसीची टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स-१०० भारतात १९८५ ते १९९६ अशी जेमतेम अकरा वर्षं बनली. तिच्यावर आजही जीव टाकणारे आहेत, पण धुराच्या चाचणीपुढे जीव टाकून चालत नाही.

आता साचे. टाकीचा पत्रा दाबायचे डाय, क्रँककेस ओतायचे साचे, प्लॅस्टिकचे साचे, हे सगळं झिजतं. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या मॉडेलचे साचे नव्याने करायची वेळ येते तेव्हा कंपनीतला हिशेबनीस विचारतो, “एवढा खर्च करून पुढे किती गाड्या विकणार?” त्याच सुमारास शेजारच्या टेबलावर एक नवी चौकट तयार असते. तिच्यावर चार मॉडेलं बसतात, आणि एकाच चाचणीचा खर्च चौघांत वाटला जातो. तुमची लाडकी गाडी मात्र एकटीची चौकट, एकटीचं इंजिन घेऊन बसलेली असते. एकत्र कुटुंबात वेगळी चूल मांडून बसलेल्या काकांसारखी.

पण लोकांना तर ती हवी होती!

हवी होती की आवडत होती? दोन्हींत फरक आहे, आणि तो झोंबतो.

बंद झाल्याची बातमी आली की ‘अन्याय झाला’ म्हणणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारून पाहा: तुम्ही हे मॉडेल शोरूममधून नवं कधी घेतलंत? मी स्वतः माझी गाडी सेकंडहँड घेतली. माझ्या ओळखीतल्या त्याच मॉडेलच्या सहा मालकांपैकी पाच जणांनीही तशीच घेतली. कंपनीच्या वहीत आमची नोंद शून्य. दुसऱ्याने वापरून सोडलेल्या गाडीवर आपण कितीही प्रेम केलं तरी त्यातून कारखान्याचं वीजबिल भरलं जात नाही. ६०० सीसीच्या स्पोर्टबाइकचं हेच झालं. भिंतीवर पोस्टर सगळ्यांच्या, पण पाठ वाकवून रोज चालवायला घेणारे वर्षागणिक कमी होत गेले.

याचा अर्थ राग खोटा असतो असं नाही. तो फक्त निम्मा आपल्याकडे वळवायला हवा.

सह्या गोळा केल्या, पत्रं पाठवली, तर निर्णय फिरतो का?

त्या वेळी सहसा फिरत नाही. जाहीर होईपर्यंत पुरवठादारांशी करार संपवलेले असतात आणि असेंब्ली लाइनवरची जागा दुसऱ्या गाडीला दिलेली असते.

काही वर्षांनी मात्र दार पुन्हा उघडू शकतं. कावासाकीची केएलआर-६५० १९८७ पासूनची गाडी. २०१८ मध्ये थांबली आणि २०२१ च्या सुरुवातीला फ्युएल इंजेक्शन घेऊन, एबीएसचा पर्याय घेऊन परत जाहीर झाली. कावासाकीच्याच डब्ल्यू-८०० ची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. २०१६ मध्ये तिची ‘फायनल एडिशन’ निघाली, लोकांनी गहिवरून घेतली, आणि २०१९ मध्ये डब्ल्यू-८०० पुन्हा बाजारात हजर! यामाहाची एसआर-४०० १९७८ पासून, तीही किकनेच चालू होणारी. नियमांमुळे २००८ मध्ये थांबली, इंजेक्शन बसवून परत आली, किक तशीच ठेवली, आणि जपानमध्ये २०२१ मध्ये फायनल एडिशन काढून निरोप घेतला. तेव्हा ‘अखेरची’ हा शब्द पाटीवर वाचला तरी लगेच डोळे पुसायला घेऊ नका.

पत्र लिहायचंच असेल तर ‘परत आणा’ यावर शाई घालवू नका. हे विचारा: पार्ट किती वर्षं पुरवणार? सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंगचे नकाशे मालकांना मिळतील का? जे पार्ट तुम्ही बनवणार नाही त्यांचे साचे दुसऱ्या उत्पादकाला द्याल का? आणि पत्रात तुमच्या गाडीचा चेसिस नंबर लिहा. नुसत्या चाहत्याच्या पत्रापेक्षा चेसिस नंबर असलेल्या मालकाचं पत्र योग्य टेबलापर्यंत जाण्याची शक्यता जास्त असते.

जुनंच नाव नव्या गाडीला लावलं आहे. हिला आपली म्हणायचं का?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात, म्हणून जरा सविस्तर.

डायनाचंच उदाहरण घेऊ. जुन्या डायनात इंजिन रबराच्या माउंटवर बसवलेलं असायचं. सिग्नलला उभे राहिलात की अख्खं इंजिन चौकटीत नाचताना दिसायचं, पुढचं चाकसुद्धा थरथरायचं. वेग घेतला की ते सगळं शांत व्हायचं. मागे दोन शॉकअब्सॉर्बर उघडे, हात घालून बदलता येतील असे. नव्या सॉफ्टेलच्या चौकटीत एकच शॉक, तोही सीटखाली लपवलेला. इंजिन नवं, मिल्वॉकी-एट. नवी चौकट जुन्या चौकटीपेक्षा हलकी आणि ताठ. वळणावर नवी गाडी सरस आहे, हे कट्टर डायनावालेही खासगीत मान्य करतात. पण त्यांना वळणाचं पडलेलंच नव्हतं. त्यांना ते सिग्नलवरचं थरथरणं हवं होतं, आणि संध्याकाळी घरी बसून स्वतःच्या हाताने बदलता येणारे ते दोन शॉक.

कंपनी ‘सुधारणा’ म्हणते तेव्हा ती मोजता येणाऱ्या गोष्टींबद्दल बोलत असते. मालक ज्यासाठी रडतो त्यातलं बरंचसं कुठल्याच तक्त्यात नसतं. नव्या हायाबुसात कंपनीने सांगितलेली ताकद १९७ वरून १९० पीएसवर आली, म्हणून तक्तेवाले नाराज झाले. चालवणारे मात्र फारसे कुरकुरले नाहीत, कारण मधल्या आरपीएमला ती पूर्वीपेक्षा बरी ओढते.

माझं मत विचाराल तर नाव ही कंपनीची मालमत्ता आहे, ते ती कुणालाही लावू शकते. १९८३ मध्ये ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीचा मेरिडनचा कारखाना बंद पडला, पुढे ती नव्या मालकाने उभी केली, आणि २००० मध्ये बॉनव्हिल या जुन्या नावाची नवी गाडी दाखवली तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली होती. आज त्याच ‘नकली’ बॉनव्हिलचे जुने मालक तिच्या एअर-कूल्ड इंजिनाच्या आठवणी काढतात, कारण आताचं इंजिन पाण्यावर थंड होतं. नाकं मुरडायचा वारसा असाच पुढे चालतो. नवी गाडी एकदा चालवून पाहा आणि मग ठरवा. टाकीवरची अक्षरं तेवढी झाकून चालवली तर अधिक बरं.

पार्ट किती वर्षं मिळतील?

व्हिक्टरी बंद करताना पोलॅरिसने दहा वर्षं पार्ट पुरवण्याचं सांगितलं होतं. प्रत्येक कंपनी इतकं स्पष्ट बोलत नाही, आणि ‘पार्ट मिळतील’ म्हणजे सगळे पार्ट मिळतील असं कुणीच म्हणत नाही.

मला एका अधिकृत विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, “काही काळजी करू नका, इंजिनाचं सगळं मिळत राहील.” खरंच मिळत राहिलं. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट, गॅस्केटचा संच, सगळं. अडलं ते डाव्या हाताच्या स्विचपाशी. इंडिकेटरच्या बटणाखालची तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग उडाली, आणि ती एकटी मिळत नाही, पूर्ण स्विच घ्यावा लागतो. तो स्विच यादीतून केव्हाच गेलेला. दोन महिने मी वळताना हात दाखवून गाडी चालवली. शेवटी लायटरमधून काढलेली स्प्रिंग निम्मी कापून बसवली. ती अजून चालू आहे.

साधारण क्रम असा दिसतो. आधी बाजूचे पॅनेल, बॅज, स्टिकर आणि त्या वर्षीच्या खास रंगाची टाकी जाते. मग स्विच, मीटर, हेडलाइटची काच, वायरिंग, मॉडेलपुरते बनवलेले रबरी पाइप. इंजिनातले झिजणारे भाग सगळ्यात शेवटी, कारण ते बनवणारे बाहेरचे उत्पादकही असतात. पिस्टन गेला म्हणून भंगारात निघालेल्या गाड्या मी फार पाहिल्या नाहीत. मीटर आणि स्विच मिळेना म्हणून कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या बऱ्याच पाहिल्या.

मग आत्ताच काय घेऊन ठेवू?

पहिल्यांदा पार्टांचं कॅटलॉग आणि सर्व्हिस मॅन्युअल. कागदावर असेल तर स्कॅन करा, फाइल असेल तर छापून ठेवा. पार्ट नंबर माहीत असला की तोच भाग दुसऱ्या कुठल्या मॉडेलला लागतो ते शोधता येतं. कंपन्या नंबर बदलतात, त्यामुळे जुना नंबर आणि त्याच्या जागी आलेला नवा नंबर, दोन्ही लिहून ठेवा.

त्यानंतर आपल्या गाडीतल्या वस्तूंचे दोन ढीग करा, मनातल्या मनात. एक ढीग जगाचा, एक फक्त तिचा.

जगाचा ढीग म्हणजे काय ते मला आमच्या मिस्त्रींनी एका दुपारी दाखवलं. मागच्या चाकातून घरघर यायला लागली होती. पार्ट नंबर टाकला तर ‘उपलब्ध नाही’. मी हवालदिल. मिस्त्रींनी बेअरिंग ठोकून बाहेर काढलं, फडक्याने पुसलं, कड उजेडात धरली. त्यावर कोरलेलं होतं ६२०४. आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. “हे कंपनीचं नाही हो,” ते म्हणाले, “हे जगाचं आहे.” पाण्याच्या पंपात, विजेच्या मोटरीत, कशातही तेच माप. बेअरिंग, ऑइल सील, ४२८ किंवा ५२० च्या मापाची चेन, स्पार्कप्लग, बल्ब, हे सगळं मापावर मिळतं. कंपनी बुडाली तरी मिळेल. यांचा साठा करून कपाट भरू नका.

दुसरा ढीग फक्त तिचा. दोन्ही स्विच, मीटर, ठिणगीची वेळ सांभाळणारा सीडीआय किंवा इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू, क्लच-कव्हर आणि त्याचं गॅस्केट, टाकीचं झाकण किल्लीसकट, हेडलाइटची काच, इनटेकचा रबरी जोड, केबली. पडझडीत पहिल्यांदा मोडणारे लिव्हर आणि फुटरेस्ट. पैसे इथे घाला.

रबराला मात्र वय असतं हे विसरू नका. इनटेकचा रबरी जोड दहा वर्षं पेटीत ठेवलात तरी तो दहा वर्षांचाच होतो. टायर आणि ब्रेक ऑइल साठवणं तर शुद्ध वेडेपणा.

एक आगळा सल्ला: शक्य असेल तर त्याच मॉडेलची एक अपघातात गेलेली गाडी मिळते का पाहा. सुटे पार्ट एकेक शोधण्यापेक्षा एक अख्खी गाडी दाता म्हणून जवळ असणं स्वस्त पडतं. घरच्यांना हे कसं समजवायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

माझी गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे. काही वेगळं?

हो, आणि थोडं काळजीचं. कार्ब्युरेटर उघडून, जेट धुऊन, सुई एक खाच वर-खाली करून चालवता येतो. ईसीयू मेला की मेला. पंप, इंजेक्टर आणि सेन्सरांना पर्याय निघतात, पण ईसीयूच्या आत त्या मॉडेलसाठी लिहिलेला नकाशा असतो. चालू अवस्थेतला एक जादा ईसीयू मिळत असेल तर घ्या. इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर जादा किल्ली आजच नोंदवून घ्या आणि किल्लीचा कोड घरात दोन ठिकाणी लिहून ठेवा. किल्ली नोंदवण्याचं यंत्र विक्रेत्याकडून नाहीसं झालं की चालती गाडी शोभेची वस्तू होते.

शेवटच्या लॉटमधली नवी गाडी घ्यावी का?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. शेवटच्या गाड्या बऱ्याचदा गोदामात पडून असतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ३५२० म्हणजे २०२० चा पस्तिसावा आठवडा. चाकाचा आणि बाकी गाडीचा जन्म जुळतो का पाहा. बॅटरी नवी मागा. टाकीत पेट्रोल किती दिवस पडलंय विचारा, झाकण उघडून वास घ्या, वार्निशासारखा आंबट वास आला तर टाकी आणि पंप धुऊन मागा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंदणीची शेवटची तारीख. नवे नियम लागू झाल्यावर जुन्या नियमांची न विकलेली गाडी नोंदवता येते की नाही, हे देशानुसार बदलतं. युरोपात उरलेल्या मर्यादित गाड्यांना सवलतीची तरतूद आहे. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून थांबवली, आणि शेवटचे दोन-तीन दिवस शोरूममध्ये झुंबड उडाली. तेव्हा पैसे दिल्यावर गाडी तुमच्या नावावर कधी चढणार, ते लेखी घ्या.

किंमत वाढेल का? गुंतवणूक म्हणून ठेवू?

बातमीनंतर विकणाऱ्यांच्या अपेक्षा लगेच चढतात. प्रत्यक्षात त्या किमतीला घेणारे तितके भेटत नाहीत. टिकून वाढतात त्या गाड्या कमी बनलेल्या, मूळ रंगात असलेल्या, कागद पूर्ण असलेल्या. लाखांनी बनलेलं मॉडेल दुर्मीळ व्हायला फार वर्षं लागतात. तोवर विमा, बॅटरी, टायर आणि जागा यांचा खर्च चालूच. ‘फायनल एडिशन’चं तांब्याचा बिल्ला-नंबर पाहून ती घ्यावीशी वाटली तर घ्या, पण मग चालवा. डब्ल्यू-८०० चा किस्सा वर दिलाच आहे.

जुनी गाडी रस्त्यावर चालवायला बंदी येईल का?

उत्पादन थांबणं आणि रस्त्यावर बंदी येणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. धुराचे नवे नियम सहसा नव्याने विकल्या जाणाऱ्या गाड्यांना लागतात, तुमची गाडी ज्या नियमांखाली नोंदवली त्याच नियमांनी तपासली जाते. गाडीच्या वयाबद्दल किंवा शहरातल्या प्रवेशाबद्दल वेगळे नियम असतील तर ते स्वतंत्र पाहा.

वॉरंटी आणि विमा?

वॉरंटी ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू राहते. विम्यात एक गोम आहे: पार्ट मिळेनासे झाले की छोट्या अपघातातही दुरुस्तीऐवजी ‘गाडी संपली’ असं धरून रक्कम हातात ठेवली जाते. शक्य तिथे किंमत आधी ठरवून घेतलेली पॉलिसी घ्या. गाडीचे सगळ्या बाजूंचे फोटो आणि दुरुस्तीची बिलं जपा.

चालवू की झाकून ठेवू?

चालवा. उभी गाडी जास्त लवकर मरते. सील सुकतात, टाकी आतून गंजते, कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आटून जेट बुजतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे जुन्या गाड्यांत हे आणखी लवकर होतं. महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करा. नुसती चालू करून पाच मिनिटांनी बंद करणं उपयोगाचं नाही. इंजिन पूर्ण तापत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी तेवढं साठतं. वीसेक किलोमीटर फिरवून आणा.

शोरूमवाल्यांना जाब विचारू का?

नको. त्यांनाही ती बातमी बहुधा तुमच्याबरोबरच कळलेली असते, आणि त्यातल्या काहींची नोकरी त्याच मॉडेलवर उभी असते.

मालकांच्या गटाचा खरंच उपयोग होतो, की नुसत्या सहली?

सहलींचाही उपयोग होतो. पण याबाबत एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. विन्सेंट या ब्रिटिश कंपनीने १९५५ मध्ये मोटरसायकली बनवणं थांबवलं. तिच्या मालकांचा क्लब १९४८ पासूनचा, म्हणजे गाड्या बनत असतानाच स्थापन झालेला. पुढे या मंडळींनी स्वतःची स्पेअर कंपनी काढली, जुन्या नकाशांवरून भाग बनवून घेतले, आणि एकदा तर सगळे नवे भाग जोडून विन्सेंटचं ब्लॅक शॅडो हे अख्खं मॉडेल उभं केलं. कारखाना नाही, मालक नाही, आणि गाडी नवी!

कधी कंपनीलाही उशिरा जाग येते. कावासाकीने १९७० च्या दशकातल्या झेड-१ चे सिलिंडर हेड कित्येक दशकांनी पुन्हा मर्यादित संख्येत ओतले. पण असं व्हायला ‘अमुक इतके लोक घ्यायला तयार आहेत’ हे कुणीतरी दाखवावं लागतं. एकट्याने गॅस्केट कापून मागितलं तर कुणी दारात उभं करत नाही. पन्नास जणांनी मिळून मागितलं की लेथवाला खुर्ची पुढे करतो. गटात सगळ्यात आधी एक वही उघडा: कुणाकडे काय आहे, कुणाला काय हवं आहे, कुणी काय कुठून बनवून घेतलं.

एका यंत्रासाठी इतकं वाईट वाटणं वेडेपणा नाही का?

असेल. मला अजून झोपेतून उठवून विचारलं तरी माझ्या गाडीचा चोक किती ओढायचा ते बोटं सांगतील. थंडीत पूर्ण, दोन किका, मग अर्धा, तिसरी किक. हे ज्ञान दुसऱ्या कुठल्याही गाडीवर चालत नाही.

नवी, वेगळ्या कंपनीची गाडी घेतली तर गद्दारी होईल?

मी घेतली. बटण दाबलं की चालू होते, पावसात कुरकुरत नाही, पार्ट तीन दिवसांत येतात. लांबच्या प्रवासाला तीच नेतो. जुनी तिच्या शेजारीच उभी असते, कॉक बंद करून. रविवारी सकाळी पूर्ण चोक, दोन किका.